लुडाक्रिस ऐकायचाय, पण आधी कुठला अल्बम?

एका मित्राला अमेरिकन रॅपर लुडाक्रिसच्या 'वर्ड ऑफ माउफ' (2001) आणि 'रिलीज थेरपी' (2006) यांतला एकच सध्या नीट ऐकायचाय. पुरस्कार बाजूला ठेवून बोलतो.

विनोदात 'वर्ड ऑफ माउफ' सरळ पुढे. लुडाक्रिस अटलांटात रेडिओवर बोलायचा, कारकिर्दीतला पहिला अल्बम त्याने स्वतःच काढला आणि मग डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीने त्याला उचललं. आवाजाची ती रेडिओवाली फेक 'वर्ड ऑफ माउफ'मध्ये पुरेपूर आहे. 'एरिया कोड्स'मध्ये तो शहरांचे फोन कोड एकामागून एक म्हणत जातो. नुसती आकड्यांची यादी, तरी प्रत्येक आकडा वेगळ्या झोकात पडतो आणि हसू फुटतं. 'रोलआउट'ला संगीत-निर्माता टिंबलँडचा ठेका आहे. तो ऐकताना मान आपोआप हलते.

आशयात मात्र 'रिलीज थेरपी' वजनदार. 'रनअवे लव्ह'मध्ये नऊ, दहा आणि अकरा वर्षांच्या तीन मुली आहेत, आपापल्या हालांतून पळू पाहणाऱ्या. गायिका मेरी जे. ब्लाइजचा आवाज आला की गळा दाटतो. इथे लुडाक्रिस एकही कोटी करत नाही, आणि मला ते फार मोठं वाटतं. बाकी अल्बम तितका एकजीव नाही.

शिव्या आणि बायकांबद्दलची उथळ भाषा पहिल्यात जास्त. घरात मोठ्याने लावू नका.

शब्दांची करामत, प्रवास, व्यायाम यांसाठी 'वर्ड ऑफ माउफ' घ्या. रॅपमध्ये गोष्ट कशी सांगतात हे शोधत असाल, तर 'रिलीज थेरपी'. माझ्या मित्राला शब्दखेळांचं वेड आहे, त्याने पहिलाच घ्यावा.