गुडघ्यातली कूर्चा उडाली: मायक्रोफ्रॅक्चर, मोझाइक की पेशीरोपण?

माझा सांगलीचा भाचा 26 वर्षांचा, कबड्डीत चढाई करतो. जिना उतरताना गुडघ्यात कट् वाजायचं, सराव झाला की रात्री वाटीच्या वर पाणी भरून फुगायचं. मिरजेत एमआरआय काढला, तर मांडीच्या हाडाच्या टोकाला कूर्चेत दीड चौरस सेंटिमीटरचा खड्डा. ‘गादी गेली’ म्हणून घरात रडारड. आपण मेनिस्कसलाही, म्हणजे दोन हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या चकतीलाही, गादी म्हणतो आणि हाडावरच्या गुळगुळीत अस्तरालाही. दोन्हींचे इलाज वेगळे, त्यामुळे नेमकं काय गेलंय ते आधी विचारा. हे अस्तर म्हणजेच कूर्चा. तिला रक्तपुरवठा नाही, म्हणून ती आपोआप नीट भरत नाही.

मायक्रोफ्रॅक्चर सगळ्यात सोपं. दुर्बिणीतून खड्ड्याच्या तळाला हाडात बारीक भोकं पाडतात. मज्जेतलं रक्त वर येऊन गोठतं, त्यातून भराव तयार होतो. एका बैठकीत काम होतं, खर्चही कमी. पण हा भराव तंतुमय, मूळ कूर्चेइतका चिवट नाही. खेळणाऱ्याचं दुखणं काही वर्षांत परत येऊ शकतं.

मोझाइकप्लास्टीत त्याच गुडघ्यातल्या कमी भाराच्या जागेवरून हाडासकट कूर्चेच्या गोल खुंट्या काढून खड्ड्यात ठोकून बसवतात. अस्सल कूर्चा मिळते. खुंट्या मोजक्याच निघतात आणि काढलेली जागा दुखू शकते, म्हणून मोठ्या खड्ड्याला ती पुरत नाही. तरुण खेळाडूंमध्ये मात्र ती मायक्रोफ्रॅक्चरपेक्षा जास्त टिकलेली दिसते. भाच्यासाठी माझं मत हिलाच.

पेशीरोपणाचे पहिले निकाल स्वीडनमधून 1994 साली आले. थोडी कूर्चा काढून तिच्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या, मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये बसवायच्या. खड्डा मोठा आणि माणूस तरुण असेल तर हे योग्य, पण सगळ्यात महाग.

पाय धनुष्यासारखे वाकलेले असतील किंवा लिगामेंट सैल असेल तर तेही दुरुस्त करावं लागतं, नाहीतर नवा भराव पुन्हा घासतो. अख्खा सांधा झिजलेल्या आजीसाठी यातलं काहीच नाही, तिथे सांधेबदलाचा विचार करावा.

कुठलंही निवडा, काही आठवडे कुबड्या आल्याच. मायक्रोफ्रॅक्चरला साधारण सहा आठवडे पायावर पूर्ण भार देता येत नाही. भाच्याची खोली माडीवर, संडास भारतीय पद्धतीचा. ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच ताईने त्याची कॉट खाली सोप्यात आणली आणि कमोडची खुर्ची घेऊन ठेवली.