जुनी चेन हातात दिली म्हणजे काम झालं, असं समजू नका

घरी येऊन गाडीची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व आणि पिस्टन मेळात ठेवणारी साखळी, बदलून देतो म्हणणाऱ्याला काम देणार असाल, तर आधी हे वाचा. इंदूरला, लोकमान्यनगरात, आमच्याच अंगणात माझे ९,५०० रुपये गेले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की त्यानंतर तीन आठवडे मी आईला त्याच गाडीतून फिरवत होतो. एकदा तर भेरूघाट उतरून ओंकारेश्वरलाही गेलो.

गाडी २०१२ची वॅगन आर, पेट्रोल. सकाळी पहिल्यांदा चालू केली की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट व्हायचा आणि चार-पाच सेकंदांत थांबायचा. चेन ढिली झाल्याचं हे नेहमीचं लक्षण. चेनला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभरात तेल खाली उतरतं, आणि दाब येईपर्यंत सैल चेन गाइडवर, म्हणजे तिला वाट देणाऱ्या पट्टीवर, आपटत राहते. मधली दोन वर्षं तेल वेळेवर बदललं गेलं नव्हतं, ही चूक माझीच. पण आवाजाकडे दुर्लक्ष करायचं नव्हतं. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व पिस्टनवर आदळू शकतात, आणि मग अख्खं इंजिनच उघडावं लागतं.

ओळखीतल्या एकाने नंबर दिला. माणूस गोड बोलणारा. "भिया, घर पे ही कर दूँगा, तीन घंटे का काम है." इथेच थांबायला हवं होतं. या कामात तेल काढायचं, पट्टा काढायचा, इंजिनाला खालून जॅकचा आधार देऊन बाजूचं माउंटिंग सोडायचं, क्रँक पुली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचं चाक, काढायची आणि मग कुठे चेनवरचं झाकण, टायमिंग कव्हर, निघतं. नव्या चेनच्या रंगीत कड्या दातेरी चक्रांवरच्या खुणांशी जुळवायच्या, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघायचा, कारण क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याचा, एक होतो. अंगणात बसून हे करायचं तर दिवस जातो.

सकाळी दहाला तो आला. सीलबंद खोका माझ्यासमोर उघडला, आतली नवी चेन मी डोळ्यांनी पाहिली. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढून बॅटरीच्या उजेडात जुनी चेनही दाखवली, बोट लावून हलवूनसुद्धा. मग म्हणाला, सीलंट राहिलं, सियागंजातून घेऊन या, आणि ट्यूबचं नाव कागदावर लिहून दिलं. चार दुकानं फिरल्यावर ती मिळाली. पावणेएकला परतलो तर चाक परत बसलेलं आणि हा तेल ओततोय. "मेरी पेटी में निकल आई एक ट्यूब, आपका टाइम बचा दिया." मी आणलेली ट्यूब अजून न उघडलेली माझ्याकडे आहे. कव्हरला सीलंट लावल्यावर ते सुकायला कित्येक तास द्यावे लागतात, लगेच तेल ओतत नाहीत, हे मला नंतर कळलं.

जुनी चेन त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. नवा खोका मात्र "वॉरंटी का नंबर चढाना है" म्हणून घेऊन गेला. पैसे यूपीआयने दिले, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. बिल नाही. गाडीचा आवाज बंद झाला होता, म्हणून मी काही बोललो नाही. त्याने जाड तेल भरलं होतं, त्यामुळे आवाज दबला होता.

तीन आठवड्यांनी तोच खडखडाट. अन्नपूर्णेकडच्या एका वयस्क मेकॅनिककडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्याही आधी चाकाच्या बाजूने आत बॅटरी मारली आणि मला वाकून बघायला लावलं. क्रँक पुलीच्या बोल्टवर जुना चिखल घट्ट बसलेला, खाली गंज, पाना लागल्याची एकही चमक नाही. "ये तो खुला ही नहीं है." पुली निघाल्याशिवाय कव्हर निघत नाही. म्हणजे चेनपर्यंत कुणाचा हातच पोचला नव्हता.

मग त्यांनी ती वर्तमानपत्रातली चेन मागितली. बोटांत फिरवली तशी तांबूस पूड त्यांच्या तळव्यावर पडली. जी चेन जन्मभर तेलात फिरते, तिला गंज कुठून? ती कुठल्या तरी भंगारातली होती. दोन दिवसांनी आमच्या गाडीची खरी चेन निघाली. ती काळी, तेलाने निथळणारी, आणि या चेनपेक्षा रुंदीलाही वेगळी. गाइडवर नख आत जाईल एवढी खोल चर पडलेली.

म्हणून सांगतो, काम सुरू व्हायच्या आधी पुलीच्या बोल्टवर नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा, बोल्ट आणि पुली दोन्हींवर जाईल अशी. कव्हर उघडं असताना रंगीत कड्या आणि गाडीची नंबरप्लेट एकाच व्हिडिओत घ्या. नवा टेन्शनर दाबून धरणारी छोटी पिन येते, ती मागून घ्या. जुने गाइडही मागा. गंजलेली चेन मिळाली तर तिथल्या तिथे विचारा. आणि काहीही आणायला पाठवलं तरी जाऊ नका, घरातल्या दुसऱ्याला पाठवा.

फसवणाऱ्या त्या माणसाने माझा नंबर ब्लॉक केला आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवलंय. बिल असतं तर हे सगळं किती सोपं झालं असतं.

मागच्या रविवारी कळलं, सुदामानगरातल्या आमच्या एका नातेवाइकांनी त्यालाच बोलावलं होतं. मी दोन्ही चेन पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनी एकीवरून बोट फिरवलं, मग दुसरीवरून, आणि फोन करून काम रद्द केलं.