आधी कॅबिनेटचे कागद की फॉरेन ऑफिसचे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश परराष्ट्र धोरणावर काम करायचं ठरवलं, लंडनमध्ये दोन आठवडे मिळाले, आणि पहिल्याच दिवशी अडतं ते इथे: कॅबिनेटची (मंत्रिमंडळाची) बाडं मागवायची की फॉरेन ऑफिसची (परराष्ट्र खात्याची)? दोन्ही दप्तरं लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्येच आहेत, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही. प्रश्न वेळेचा आहे, आणि त्याचं उत्तर बरंचसं एका तारखेत मिळतं: ९ डिसेंबर १९१६. त्या दिवशी नवा पंतप्रधान लॉइड जॉर्ज याच्या वॉर कॅबिनेटची, म्हणजे युद्धकाळातल्या छोट्या मंत्रिमंडळाची, पहिली बैठक झाली आणि मॉरिस हँकी सचिव म्हणून लिहायला बसला. तुमचा विषय त्याच्या आधीचा असेल तर फॉरेन ऑफिसपासून सुरुवात करा, नंतरचा असेल तर कॅबिनेटपासून.

त्या तारखेआधी ब्रिटिश कॅबिनेटचं इतिवृत्तच नव्हतं. बैठकीत सचिव नसायचा, टिपण ठेवायची प्रथा नव्हती. बैठक संपली की पंतप्रधान स्वतःच्या हाताने राजाला पत्र लिहायचा, आणि काय ठरलं याचा अधिकृत पुरावा म्हणजे तेवढंच पत्र. मूळ पत्रं विंडसरच्या राजसंग्रहात आहेत, त्यांच्या छायाप्रती क्यूला ‘कॅब ४१’ या मालिकेत (‘कॅब’ हा कॅबिनेटच्या कागदांचा संकेत). पंतप्रधानाला राजाला जे सांगायचं असेल तेच त्यात सापडतं. वाद किती तापला, कोणी राजीनाम्याची भाषा केली, हे शोधायला मंत्र्यांच्या खासगी पत्रांत आणि रोजनिशांत शिरावं लागतं. २९ जुलै १९१४ च्या बैठकीनंतर जॉन बर्न्स या मंत्र्याने रोजनिशीत नोंदवलं की काहीही न ठरवायचं असं ठरलं. युद्धाच्या सहा दिवस आधीच्या कॅबिनेटचं इतकं नेमकं वर्णन सरकारी कागदात मिळणं कठीण.

‘कॅब ३७’ ही मालिका मंत्र्यांमध्ये फिरवलेल्या छापील टिपणांची, १८८० ते १९१६ ची. वाचायला सोपी, म्हणून मोहात पाडणारी. पण सरकारकडे पूर्ण संच नव्हताच. जिथे जिथे प्रती उरल्या होत्या तिथून छायाप्रती जमवून ही मालिका उभी केली. त्यामुळे एखादं टिपण तिथे नाही, यावरून ते लिहिलंच गेलं नव्हतं असं म्हणता येत नाही.

आणि मोठा धोका वेगळाच. जानेवारी १९०६ मध्ये परराष्ट्रमंत्री ग्रेने फ्रेंच आणि ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांच्या बोलण्यांना संमती दिली. पंतप्रधानाला आणि मोजक्या जणांना माहीत होतं. अख्ख्या कॅबिनेटपुढे हा विषय वादासाठी आला तो नोव्हेंबर १९११ मध्ये. नुसते कॅबिनेटचे कागद चाळणारा मधली जवळजवळ सहा वर्षं कोरीच पाहणार आणि काही घडलं नाही असं समजणार. घडलं होतं, फक्त त्या खोलीत नाही.

ते कळतं ‘एफओ ३७१’ मध्ये (‘एफओ’ म्हणजे फॉरेन ऑफिस). १९०६ पासूनचा राजकीय पत्रव्यवहार इथे आहे (त्याआधीचा देशवार वेगळ्या मालिकांत, उदाहरणार्थ फ्रान्ससाठी ‘एफओ २७’). त्याच वर्षी फॉरेन ऑफिसने कागद नोंदवण्याची पद्धत बदलली. आपल्याकडे मंत्रालयात फाइलवर जसे कनिष्ठांकडून वरिष्ठांकडे शेरे चढत जातात तसंच इथे: वर कव्हराचा कागद, त्यावर नोंदणी क्रमांक, तारीख, विषयाच्या दोन ओळी. खाली कनिष्ठ कारकुनाचा शेरा, मग विभागप्रमुखाचा, मग कायम उपसचिवाचा, आणि तळाशी बऱ्याचदा ‘ई. जी.’ एवढीच ग्रेची आद्याक्षरं. त्या कव्हराच्या आत मूळ तार किंवा खलिता. खलित्यात राजदूत काय म्हणतो त्यापेक्षा कव्हरावर कारकून काय म्हणतो हे पुष्कळदा जास्त मोलाचं असतं. आयर क्रो या फॉरेन ऑफिसातल्या अधिकाऱ्याचे शेरे तर त्यांच्या लांबीवरूनच ओळखू येतात. जर्मनीविषयीचं त्याचं १ जानेवारी १९०७ चं प्रसिद्ध टिपण ‘एफओ ३७१/२५७’ मध्ये आहे.

नवखे इथे एका गोष्टीत हमखास अडखळतात. कागदाचा क्रमांक, फाइलचा क्रमांक आणि बाडाचा क्रमांक हे तीन वेगळे आकडे आहेत. मागणी नोंदवायची ती बाडाची. पण जुन्या सूचीत आणि इतिहासकारांच्या तळटिपांत कित्येकदा फक्त पहिले दोन असतात, शेवटी देशाचा संकेतांक (फ्रान्स १७, जर्मनी १८, तुर्कस्तान ४४). नोंदणीचे आकडे दरवर्षी नव्याने सुरू होतात, म्हणून वर्ष न लिहिलेला क्रमांक कामाचा नाही. १९२० पासून आकड्याआधी विभागाचं अक्षर येतं, म्हणजे सी असेल तर सेंट्रल, ई असेल तर ईस्टर्न. विषय-सूचीही तिथून पुढे छापील आहे, त्याआधी कार्डांवर. शिवाय फॉरेन ऑफिसने बरेच कागद नंतर नष्ट केले. सूचीत नोंद दिसते आणि बाडात कागद नसतो, तेव्हा कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालण्यात दिवस घालवू नका.

ग्रेचा खासगी पत्रव्यवहार ‘एफओ ८००’ मध्ये आहे. राजदूत एकाच दिवशी दोन पत्रं पाठवायचा: एक अधिकृत, सगळ्यांच्या नजरेखालून जाणारं, दुसरं खासगी, मोकळं. वेळ कमी असेल तर मी म्हणेन, १९१४ पूर्वीच्या विषयाला आधी हे पाहा आणि मग ‘३७१’ कडे वळा. बाडं कमी, मजकूर दाट.

१९१६ नंतर पारडं फिरतं. वॉर कॅबिनेटची इतिवृत्तं ‘कॅब २३’ मध्ये, टिपणं ‘कॅब २४’ मध्ये. दोन्ही टंकलिखित किंवा छापील, दोन्ही पुण्यात बसून संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. ‘एफओ ३७१’ चा बहुतेक भाग मात्र क्यूला जाऊनच पाहावा लागतो. थोडा विद्यापीठांनी पैसे भरून घेतलेल्या संग्रहांत आहे. नुसता हाच फरक अनेकांचा निर्णय करून टाकतो.

फरक समजायला बॅल्फर जाहीरनामा घ्या, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं परराष्ट्रमंत्री बॅल्फरचं निवेदन. ३१ ऑक्टोबर १९१७ ची बैठक म्हणजे वॉर कॅबिनेट २६१, संदर्भ ‘कॅब २३/४’. त्यात कोण हजर होतं, बॅल्फर काय म्हणाला, कर्झनची शंका काय आणि शेवटी काय ठरलं ते आहे. कर्झनचं टिपण, जी.टी. २४०६ (जी.टी. हा ‘कॅब २४’ मधल्या टिपणांच्या एका मालिकेचा संकेत), ‘कॅब २४/३०’ मध्ये. भारतमंत्री मॉन्टेग्यूचा ऑगस्टमधला जळजळीत विरोध, जी.टी. १८६८, ‘कॅब २४/२४’ मध्ये. (जी.टी. क्रमांकांची शंभर-शंभर टिपणं एका बाडात आहेत आणि पहिली शंभर ‘कॅब २४/६’ मध्ये; एवढं लक्षात ठेवलं की सूची न उघडता बाड काढता येतं.) म्हणजे निर्णय आणि युक्तिवाद तुम्हाला एका संध्याकाळी मिळतात. पण झायनिस्ट (ज्यू राष्ट्रवादी) नेत्यांशी महिनोन्‌महिने झालेली बोलणी आणि मसुद्यांवरचे शेरे हवे असतील तर ‘एफओ ३७१/३०८३’ ला पर्याय नाही. कॅबिनेटच्या कागदात दार उघडलेलं दिसतं. ते कोणी आणि किती दिवस ढकललं ते फॉरेन ऑफिसात.

१९१९ च्या अखेरीस वॉर कॅबिनेट संपलं आणि इतिवृत्ताची भाषाही आखडली. ‘अमुक म्हणाला’ जाऊन ‘असे निदर्शनास आणण्यात आले’ असं येऊ लागतं. कोण म्हणालं याचा अंदाज बांधून तळटीप देणं टाळा.

भारताशी संबंध असलेल्या विषयाला मात्र या दोन दप्तरांची तुलना अपुरी पडते. फॉरेन ऑफिसच्या लेखी भारत परदेश नव्हता, त्यामुळे ‘३७१’ मध्ये भारत नावाचा विभाग शोधणं फुकट. सावरकरांचं प्रकरण घ्या. ८ जुलै १९१० ला मार्सेल्सच्या बंदरात त्यांनी ‘मोरिया’ जहाजातून उडी मारली, फ्रेंच पोलिसाने किनाऱ्यावर पकडून ब्रिटिशांच्या स्वाधीन केलं, आणि तंटा हेगच्या लवादापुढे गेला. निकाल २४ फेब्रुवारी १९११ चा. तिथे ब्रिटनचा प्रतिनिधी होता तोच आयर क्रो. हा तंटा फ्रान्सशी, म्हणून शोध फ्रान्सच्या फायलींतून सुरू करायचा. पण अटक लंडनमधली, म्हणून होम ऑफिस (गृहखातं). खटला मुंबई इलाख्यातला, म्हणून ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (लंडनमधल्या भारतमंत्र्याच्या खात्याच्या) नोंदी, त्यातही सार्वजनिक व न्याय विभागाच्या. अशा कामाला निघण्यापूर्वी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ चाळून घ्या. लंडनहून आलेल्या पत्राची प्रत तिथे मिळाली तर विमानाचं भाडं वाचतं.

१८९८ ते १९१४ साठी गूच आणि टेम्पर्ली या इतिहासकारांनी संपादित केलेले ब्रिटिश परराष्ट्र कागदपत्रांचे छापील खंड (१९२६–१९३८) आहेतच, शेऱ्यांसकट. निवड संपादकांची आहे हे ध्यानात ठेवून आधी ते वाचा. क्यूला जाण्याआधी कोणते बाड-क्रमांक मागवायचे याची यादी तिथूनच तयार होते. १९१४ ते १९१९ साठी असे खंड नाहीत.

क्यूला वाचक-कार्ड विनामूल्य मिळतं. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा. पेन चालत नाही, पेन्सिल न्या. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो घेता येतात, फ्लॅश बंद ठेवून. प्रत्येक बाडाचा पहिला फोटो त्याच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा काढा, आणि ‘३७१’ मध्ये प्रत्येक कागदाच्या कव्हराचाही. परत आल्यावर चारशे फोटोंत नुसती तार दिसते आणि ती कुठल्या फाइलची ते कळत नाही, असं होतं ते त्या एका फोटोच्या आळसाने.