खुर्चीवाली काठी: आठ महिन्यांनंतर

मागच्या ऑगस्टच्या शेवटी अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, खुर्चीवाली काठी घेतली. एरवी टेकत चालायचं, दम लागला की खटका दाबून तीन पाय उघडायचे आणि बसायचं. किंमत १,१५० रुपये, वजन किलोच्या आत. अण्णांचा जन्म १९४०चा, गुडघे पार गेलेले. दवाखाना, बँक, लग्नकार्य अशी ती रोजच हातात असते. पण तिची खरी परीक्षा दिवाळीत झाली. लातूरहून आम्ही सहा जण गाडीनं मराठवाड्यातल्या लढायांच्या जागा बघत फिरलो, तेव्हा.

त्याआधी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला, अण्णांनी ती हुतात्मा स्मारकावर नेली. दरवर्षी ते मागं भिंतीला टेकून उभे राहायचे आणि भाषणं सुरू व्हायच्या आत निघायचे. यंदा शेवटपर्यंत बसले. गर्दी पांगल्यावर खुर्ची शिळेसमोर नेली आणि एकेक नाव बोट ठेवून वाचलं. त्याच दिवशी ठरवलं, यांना घेऊन फिरायचं.

पहिला उदगीर. फेब्रुवारी १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं हरवलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा तेव्हा मराठ्यांकडं होत्या. वर्षाच्या आत तेच भाऊ आणि तोच इब्राहिमखान पानिपतावर पडले. किल्ला गावालगतच आहे, चाल फार नाही. काठीनं काहीच त्रास दिला नाही.

नळदुर्गला दिला. बोरी नदी किल्ल्यात वळवून घातलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल (१६१३चं बांधकाम) बघायला सगळ्यांची घाई. अण्णा फरसबंदीवर बसले आणि एक पाय आत दुमडला. आईनं दंड धरला म्हणून पडले नाहीत. बघितलं तर पायाच्या सांध्यातला स्क्रू निम्मा बाहेर आला होता. गावातल्या सायकलवाल्यानं स्क्रू काढून आरपार नटबोल्ट घातला, तो आजवर हललेला नाही. ज्यानं विकली त्याला फोन केले, फोटो पाठवले. ‘बघतो’ म्हणाला आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. म्हाताऱ्या माणसाचा सगळा भार त्या एका स्क्रूवर असतो, याचा मला अजून राग आहे.

पण नळदुर्गचं एवढ्यावर संपत नाही. १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली ती याच रस्त्यानं. बोरीवरचा पूल पहिल्याच दिवशी ताब्यात आला, आणि १७ तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम दिला. अण्णा तेव्हा आठ वर्षांचे. रझाकारीला, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या जाचाला, भिऊन आजी लेकरं घेऊन हद्दीपल्याड सोलापूरच्या बाजूला, नातेवाइकांच्या वस्तीवर राहिली होती. बुरुजाच्या सावलीत बसून अण्णा म्हणाले, “रातभर ट्रक चालले होते. मी मोजलालो होतो. शंभराच्या पुढं मला येत नव्हतं, म्हणून परत एकपासून सुरू केलं.” हे त्यांनी आजवर घरी कधीच सांगितलं नव्हतं. पुढचंही सांगितलं. गावात आमच्या माळवदाची किल्ली शेजारच्या चाचांकडं होती, घरातला दाणाही हलला नाही. पोलिस ॲक्शननंतर, म्हणजे या फौजी कारवाईनंतर, वारं उलटं फिरून मुसलमानांवर आलं, तेव्हा आजोबांनी चाचांच्या बायकापोरांना आमच्या धान्याच्या बळदात लपवलं. धाकटी तोंड उघडं टाकून ऐकत होती. उभ्या माणसानं एवढं सांगितलं नसतं.

दौलताबादला ही काठी अर्धवटच उपयोगाची. चाँद मिनारापर्यंत ठीक. खंदकावरचा पूल, अंधारी (काळोखी भुयारी वाट) आणि पुढच्या पायऱ्यांवर ती नुसती लोढणं होते. अण्णा खाली आईसोबत थांबले, आम्ही वर गेलो. गुडघेदुखीवाल्यांना वर न्यायचा हट्ट करू नका.

शेवटी जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ला शिंदे-भोसल्यांची फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात होती, इंग्रजांचा सेनापती वेलस्ली केळणेच्या अलीकडं. काठावर काळी माती. अण्णा बसले आणि तिन्ही पाय वीतभर रुतले. रबरी टोपणं एवढीएवढीशी, मातीत टिकणार कशी? शेवटी डब्यांची तीन झाकणं पायांखाली घातली. घरी आल्यावर जुन्या टायरच्या तीन चकत्या कापून बसवल्या, आता शेतातही चालते. घेणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी करावं.

तिथं मी पोरांना सांगत होतो की वाटाडे वेलस्लीला म्हणाले, नदीला उतार, म्हणजे पार व्हायची उथळ जागा, नाही. त्यानं दुर्बिणीतून बघितलं तर दोन काठांना समोरासमोर दोन गावं. एवढ्यात अण्णा बोलले, “मग मधी उतार असणारच की. नसला तर सोयरिका व्हायच्या कशा?” वेलस्लीनं तेच ताडलं होतं. उतार निघाला, फौज तिथून पार झाली. तरी शिंद्यांच्या तोफांनी त्याची १,५००हून अधिक माणसं मारली किंवा जखमी केली. अण्णा तासभर बसून होते. नदी कुठं वळते, तोफा कुठं मांडल्या असतील, पाऊस झाला असता तर काय, असं पोरांशी बोलत. मी तीन पुस्तकं वाचून गेलो होतो, पण ती जमीन मला कळली ती त्या तासात.

आजची अवस्था: बसकणीचं कापड एका कडेला उसवलंय, मुठीचा रंग गेलाय, टोपणं दोनदा बदलली. खटका पहिल्यासारखाच लागतो. उंची कमी-जास्त होत नाही, त्यामुळे बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात. आईला म्हणूनच ती जमत नाही. तिच्यासाठी दुसरी घेतोय, उंची बदलणारी, आणि यावेळी दुकानात जाऊन, चारदा बसून, सांधे हातानं हलवून. परंडा आणि कंधार राहिलेत. अण्णांनी आत्ताच विचारलं, कधी निघायचं.