सॅचेल पेजचं 'दुर्मिळ' कार्ड घेतलं आणि १८० डॉलर गेले

माझा मुलगा इथे न्यू जर्सीत लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचर (चेंडू टाकणारा) आहे. त्याच्या नादाने मलाही जुन्या काळच्या सॅचेल पेज या पिचरचं वेड लागलं. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, काळ्या खेळाडूंना मज्जाव होता त्या काळात या माणसाने काळ्या खेळाडूंची वेगळी निग्रो लीग गाजवली. त्याच्यासाठी मेजर लीगचं दार उघडलं ते १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. १९६५ मध्ये कॅन्सस सिटी ॲथलेटिक्स या संघाने ५९ वर्षांच्या पेजला परत मैदानात उतरवलं. गर्दी खेचायला बुलपेनमध्ये (पिचर तयारी करतात त्या जागी) झुलती खुर्ची ठेवली, दिमतीला नर्स दिली. पठ्ठ्याने बॉस्टन रेड सॉक्सला तीन इनिंगमध्ये एकच हिट, म्हणजे यशस्वी फटका, दिला! हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो, आणि नेमकी तीच नस त्या विक्रेत्याने पकडली.

खेळाडूंची फोटो-कार्डं विकतात अशा एका कार्ड-शोमध्ये त्याने प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड पुढे केलं. ॲथलेटिक्सच्या कपड्यातला पेज, अशी कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९६६ च्या कार्डांसारखी मांडणी, झिजलेले कोपरे. "आजोबांच्या पेटीत सापडलं, फार थोडी छापली होती. दुपारी एक जण घ्यायला येतोय," म्हणाला. मी पाकिटातून बाहेर काढूनही पाहिलं नाही. पैसे फोनवरून 'मित्राला पाठवतोय' असं निवडून द्या, फी वाचेल, असंही त्यानेच सुचवलं. तसे पाठवलेले पैसे खरेदीचे धरत नाहीत, त्यामुळे तक्रार करूनही परत मिळाले नाहीत.

घरी मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा, यादीत कितवा नंबर?" टॉप्सच्या १९६६ च्या संचात ५९८ कार्डं आहेत, त्यात पेज नाहीच. टॉप्सने त्याचं कार्ड काढलं होतं १९५३ मध्ये, नंबर २२०, आणि त्यावर त्याच्या नावात एक 'एल' जास्त पडलाय. मग भिंग घेऊन बसलो. जुन्या छपाईत फोटो ठिपक्यांचा असतो, पण काळी अक्षरं सलग शाईची. इथे अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची होती. मागे एका कोपऱ्यात कागद खरवडलेला, आणि आतून पांढराशुभ्र. त्या काळचा टॉप्सचा पुठ्ठा करडा असतो. दिव्याखाली तिरकं धरलं तेव्हा खरवडलेल्या जागी 'कस्टम' शब्दाची शेवटची अक्षरं दिसली.

म्हणजे कोणा चाहत्याने हौसेने बनवलेलं आणि मागे तसं प्रामाणिकपणे लिहिलेलं कार्ड होतं ते. कंपनीने कधीच न काढलेली अशी कार्डं बरेच जण बनवतात, काही तर फार सुंदर असतात. 'कस्टम' म्हणून विकलं असतं तरी मी आनंदाने दहा-पंधरा डॉलर दिले असते. राग त्या खरवडणाऱ्याचा येतो.

आयोजकांना फोटो आणि पैसे पाठवल्याची नोंद दिली आहे. विक्रेत्याचा फोन लागत नाही. अशी आणखी कार्डं त्याच्याकडे असतील, म्हणून सांगतो: पाकिटातून काढू देत नसेल तर घेऊ नका, आणि हातात आलं की आधी मागची बाजू बघा.