नकाशा दुकानदाराच्या खिशात होता

गेल्या पावसाळ्यात माझे साडेतेरा हजार रुपये पाण्यात गेले. पाण्यात हा शब्द मुद्दाम वापरतोय, ते पुढे कळेलच. नाशिकमध्ये बाइकसाठी नेव्हिगेशन घ्यायला निघालेल्या कोणाचे तरी वाचावेत म्हणून लिहितो.

आधी मी मोबाईलच हँडलला लावायचो. बुलेटच्या थरथरीने त्याच्या कॅमेऱ्याचं वाट्टोळं झालं. फोटो काढताना आतून टकटक आवाज यायचा आणि फोकस काही केल्या बसत नव्हता. अ‍ॅपलने २०२१ मध्येच सांगून ठेवलं होतं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलची कंपनं थेट बसली तर कॅमेऱ्यातली फोटो स्थिर करणारी यंत्रणा बिघडू शकते. मला ते कॅमेरा गेल्यावर कळलं. तेव्हा ठरवलं, मोबाईल खिशात राहील आणि हँडलवर स्वतंत्र यंत्र बसेल. गार्मिन कंपनीच्या ‘झूमो’ या बाइकसाठीच्या जीपीएस यंत्राची किंमत पाहिली आणि गप्प बसलो.

मग एम. जी. रोडच्या बाजूला एका गल्लीतलं अ‍ॅक्सेसरीजचं दुकान कोणीतरी सुचवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. काउंटरवरच्या माणसाने पाच इंची स्क्रीन काढली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘नेव्हिगेशन’, खाली ‘आयपीएक्स ७’ या पाण्यात टिकण्याच्या दर्जाचं चकचकीत स्टिकर. मी पहिलाच प्रश्न विचारला, "नेट नसताना चालतं का? आम्ही भंडारदऱ्याकडे जातो, तिकडे रेंजचा पत्ता नसतो."

"दादा, हे सॅटेलाइटवर चालतं. तुमचा मोबाईल फ्लाइट मोडवर टाका आणि बघा."

टाकला. नकाशा आला, निळा बाण एम. जी. रोडवर येऊन बसला. तरी मी म्हटलं, चालवून बघतो. तो म्हणाला, "खुशाल बघा, पोराला मागे बसवतो." तात्पुरत्या क्लॅम्पने स्क्रीन लावली आणि शालिमार, सीबीएस असा फेरा मारला. बाण बरोबर वळत होता. पोरगं मागे बसवलं ते मी यंत्र घेऊन पळू नये म्हणून, अशी माझी समजूत. त्याच्या शर्टाच्या खिशात दुकानाचा मोबाईल होता आणि स्क्रीनवरचा नकाशा त्या मोबाईलमधून येत होता, हे कळायला तीन आठवडे लागले.

खरं तर शंका दुकानातच यायला हवी होती. यंत्रात स्वतःचा रिसीव्हर असेल तर जागा पक्की करायला त्याला किमान चार उपग्रहांचे सिग्नल पकडावे लागतात. नव्याने चालू केलेलं यंत्र उघड्या आकाशाखालीसुद्धा अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त वेळ घेतं. इथे स्लॅबखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात, दोन सेकंदांत बाण! मी मात्र ‘काय फास्ट आहे’ म्हणून खूश.

दहा हजार रोख दिले, साडेतीन यूपीआयने. घरी आल्यावर स्क्रीनने मोबाईल जोडायला सांगितलं. दुकानात फोन केला तर म्हणे, "एकदाच पेअर करा, मॅप आत उतरतो, मग मोबाईल लागत नाही." मोबाईल तसाही कायम खिशात असायचा, त्यामुळे अंबड ते गंगापूर रोड सगळं झकास चालत राहिलं.

जुलैमधल्या एका रविवारी घोटीमार्गे भंडारदरा. शेंडी गाव सोडलं, रतनवाडीच्या अंगाला लागलो आणि पाऊस कोसळायला लागला. रेंज गेली तसा नकाशा राखाडी झाला. रस्ते नाहीत, गावांची नावं नाहीत, नुसत्या कोऱ्या पाटीवर बाण सरकतोय. जीपीएसला नेट लागत नाही, हे खरंच आहे. पण नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल तर तो नेटवरूनच येतो. साम्रदच्या पुढे रेनकोटच्या खिशात तापलेल्या मोबाईलची बॅटरी संपली. स्क्रीन काळी पडली आणि मधोमध अक्षरं उमटली, ‘फोन कनेक्ट करा’.

त्या क्षणी उलगडा झाला. या डबड्यात जीपीएस नव्हताच. मोबाईलवरचा नकाशा हँडलवर दाखवणारा तो नुसता आरसा होता. अशा स्क्रीन सर्रास मिळतात, त्यात गैर काही नाही, पण त्या नेव्हिगेशन म्हणून विकायच्या नसतात. ऑनलाइन तशीच वस्तू नंतर सहा हजारांना दिसली.

धुक्यात फाटा चुकलो आणि घाटघरच्या कोकणकड्याच्या बाजूला निघालो, जिथे पुढे दरीच आहे. इरलं पांघरलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हात केला. "कुठं निघाला रं? तिकडं रस्ता संपतो." त्यांनी दाखवलेल्या वाटेने अंधार पडता पडता शेंडी गाठली.

तोवर स्क्रीनच्या काचेमागे पाण्याचे थेंब जमले होते. घरी आल्यावर ते आयपीएक्स ७चं स्टिकर नखाने उचकटलं तर अख्खं निघालं आणि खाली कोरं प्लास्टिक. तसं पाहिलं तर खरा आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं तग धरणं. धावत्या गाडीवर सपासप बसणारा पाऊस ही वेगळी परीक्षा आहे, त्यासाठी ५ किंवा ६ हा आकडा बघावा लागतो. चार दिवसांनी गाडी स्टार्ट होईना. मेकॅनिकने सीट काढून दाखवलं. त्या दुकानाच्या फिटरने वायर इग्निशनवर न घेता थेट बॅटरीला जोडली होती, फ्यूज नाही, वर नुसती काळी टेप. चावी काढली तरी स्क्रीन करंट खात होती.

दुकानात गेलो. तोच माणूस, आवाज वेगळा. "मोबाईल जोडावाच लागतो ना साहेब, लहान पोरांनाही माहीत असतं." बिल बघा म्हणाला. बिल म्हणजे वहीतला कागद, जीएसटी क्रमांक नाही, त्यावर ‘मोबाईल अ‍ॅक्सेसरी, १ नग’. पैसे परत मागितले तर चार हजारांचं हेल्मेट घेऊन जा म्हणे. नाही घेतलं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, तेव्हा ‘एवढ्याशा रकमेसाठी कोण जातं’ हे दुकानदाराचं गणित माझ्यापुरतं तरी चुकेल. अडचण पुराव्याची आहे. यूपीआयचे साडेतीन दिसतात, रोख दहा हजार कुठेच दिसत नाहीत. पूर्ण रक्कम यूपीआयने द्या आणि बिलावर वस्तूचं खरं नाव लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आणि तपासणी एकटे करा. तुमचा मोबाईल बंद, दुकानदाराचा बंद, मागे कोणी नाही. यंत्र उघड्यावर न्या आणि सेटिंगमध्ये उपग्रहांचे सिग्नल दाखवणारं पान उघडायला सांगा. माझ्या स्क्रीनमध्ये असलं पान नव्हतंच, होती फक्त ब्लूटूथची यादी.

सध्या भाच्याचा जुना मोबाईल वॉटरप्रूफ पाउचमध्ये, थरथर शोषणाऱ्या रबरी डॅम्परच्या माउंटवर लावतो. नाशिक, नगर, ठाणे आणि पालघरचे नकाशे आधीच उतरवून ठेवलेत. ते स्टिकर तक्रारीला जोडायचं म्हणून वहीत चिकटवलंय. कोरड्या जागी अजूनही पक्कं बसतं.