एका ऑनलाइन एम.एड.मध्ये सहा नोकऱ्या : विश्रामबागच्या ऑफिसातला अनुभव

ऑनलाइन एम.एड.च्या नावाखाली माझी कशी फसवणूक झाली, ते बी.एड. करून विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या सांगली-मिरज-तासगाव भागातल्या बायकांसाठी मुद्दाम लिहितेय. पुरुषांनीही वाचावं. पण त्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर बहुतेक बायकाच होत्या, आणि तो काही योगायोग नव्हता. शाळा सुटली की स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, पोरांचा अभ्यास. यातून दोन वर्षं कॉलेजला जाणं कुणाला जमणार नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

ऑफिस सांगलीतल्या विश्रामबागला, झेरॉक्सच्या दुकानावर. बोर्डावर परराज्यातल्या एका विद्यापीठाचं नाव ठळक, त्याखाली बारीक अक्षरात ‘अधिकृत माहिती केंद्र’. टेबलावर लॅमिनेशन केलेला तक्ता. ऑनलाइन एम.एड. केलं की बी.एड. कॉलेजात प्राध्यापक, शिक्षणाधिकारी, शाळेत समुपदेशक, पाठ्यपुस्तकांचं लेखन, शैक्षणिक अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्यांत काम, संस्थांमध्ये प्रशिक्षक. ‘सर’ म्हणवून घेणारा पंचविशीतला पोरगा म्हणाला, “मॅडम, अजून किती वर्षं वह्या तपासत बसणार?” बोलण्यात पोरगा तरबेज, एवढं मान्य करायला हवं.

त्या तक्त्यातली एकही नोकरी खोटी नाही. खोटं आहे ते एवढंच, की एका कागदावर त्या सगळ्या मिळतात. शिक्षणाधिकारी व्हायचं तर वाट एमपीएससीच्या परीक्षेतून जाते. सीबीएसई शाळेत समुपदेशक व्हायला मानसशास्त्र, बालविकास किंवा समुपदेशनाचं शिक्षण बघतात. अ‍ॅपवाल्या कंपन्या आधी नमुना पाठ लिहून मागतात, पदवीचं नंतर. आणि एम.एड. हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या अखत्यारीतला अभ्यासक्रम. 2014 च्या नियमांनी तो दोन वर्षांचा झाला. त्यात वर्गातली हजेरी, प्रत्यक्ष क्षेत्रकार्य आणि लघुप्रबंध येतो. घरी बसून मोबाइलवर करायची ती गोष्टच नव्हे.

मग घरबसल्या काय होतं? एम.ए. शिक्षणशास्त्र. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून ते रीतसर करता येतं, प्राध्यापकीच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत शिक्षणशास्त्र हा विषयही आहे. पदवी चांगलीच आहे, पण ती एम.एड. नव्हे. ऑफिसातले लोक तोंडानं एम.एड. म्हणायचे आणि शंका विचारली की एम.ए.ची माहितीपत्रिका पुढे सरकवायचे. “दोन्ही एकच हो मॅडम!”

फी 68,000. त्यातले 8,000 रोख घेतले, उरलेल्या 60,000 साठी “बिनव्याजी हप्ते”. माझाच मोबाइल घेऊन त्यांनी फॉर्म भरला, ओटीपी टाकला आणि बँकेतून दरमहा 5,000 आपोआप कापायची परवानगीही त्यातच उरकली. हे हप्ते विद्यापीठाचे नव्हतेच. एका वित्त कंपनीनं माझ्या नावावर कर्ज काढून सगळी रक्कम त्या केंद्राला एकरकमी दिली होती. रोख पैशांची पावती आजही माझ्याकडे आहे. त्यावर विद्यापीठाचं नाव नाही, ‘शिक्षण शुल्क’ हा शब्द नाही, ‘मार्गदर्शन सेवा’ असं लिहिलंय. गोल शिक्का इतका फिका, की केंद्राचं नाव भिंगातूनही लागत नाही.

अभ्यास म्हणून यूट्यूबच्या लिंका यायच्या. परीक्षेला प्रश्न आणि उत्तरं एकाच पीडीएफमध्ये, आपण फक्त आपल्या अक्षरात उतरवून कुरिअर करायचं. तात्पुरती गुणपत्रिका मात्र झकास छापलेली आली.

ती घेऊन मी मिरजेत एका बी.एड. कॉलेजच्या मुलाखतीला गेले. आतही जाता आलं नाही. कागद तपासणारे क्लार्क वयस्कर होते, चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “बाई, ऑनलाइन एम.एड. नसतंच. ह्या वर्षात असले कागद घेऊन येणाऱ्या तुम्ही पहिल्या न्हाई.” मग हळूच विचारलं, “डीईबी आयडी काढला होता का?”

हीच खरी मेख. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानं 2024-25 पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घेताना विद्यार्थ्यानं स्वतः यूजीसीच्या पोर्टलवर डीईबी आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो, त्यासाठी आधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक) लागतो. कुठल्या विद्यापीठाला कुठल्या विषयाची परवानगी आहे, ती यादीही तिथेच असते. विद्यापीठाचं नाव यादीत असणं पुरेसं नाही, आपला अभ्यासक्रम त्या वर्षासाठी त्यात हवा. आणि ऑनलाइन पदवीसाठी विद्यापीठाला फ्रँचायझी देताच येत नाही. म्हणजे झेरॉक्सवरचं ते ‘अधिकृत केंद्र’ पाटी लावल्या दिवसापासूनच बेकायदा. डीईबी आयडीचं मी तेव्हा विचारलं होतं. “ते आम्ही नंतर काढून देतो,” असं उत्तर मिळालं होतं.

परत गेले तेव्हा तिथे अबॅकसचे क्लास सुरू होते. नवीन भाडेकरूंना काहीच माहीत नव्हतं, रोज कोणी ना कोणी चौकशीला येतं म्हणून बिचारे वैतागले होते.

हप्ते मात्र चालूच. वित्त कंपनीचं म्हणणं, कर्ज तुमचं, कॉलेजशी आमचा संबंध नाही. बँकेत जाऊन कपात बंद केली, तर सिबिल स्कोअर घसरला आणि वसुलीचे फोन शाळेत येऊ लागले. कंपनीकडे लेखी तक्रार देऊन पोच घेतली. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते, ती केलीय. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोनही केला. पण तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा, तेव्हाच ते खात्यात अडकवता येतात. माझ्या बाबतीत त्यांनी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायला सांगितलं.

अर्ज दिलाय. साहेब म्हणाले, एकट्या पावतीवर केस लुळी पडते, चार-पाच जणी आल्या तर जोर येईल. त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर ती फिक्या शिक्क्याची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज आणि कर्जाचा करार जपून ठेवा, आणि विश्रामबाग पोलीस ठाण्यात आपापला अर्ज द्या. लाज वाटून घरात लपवण्यासारखं त्यात काही नाही.